झाडांच्या फिश टँकमधलं चिवट शेवाळ कसं आटोक्यात आणायचं: विदर्भातल्या गावांसाठी पायरी-पायरीने

जिवंत झाडांचा फिश टँक लावला की पहिले काही दिवस तो फार सुंदर दिसतो. मग काचेवर हिरवा थर चढतो, पानांच्या कडा काळ्या पडतात, मॉसमध्ये (पाण्यातल्या बारीक पानांच्या झुपकेदार झाडात) केसांसारखे धागे गुंततात. दुकानदाराला फोन केला की तो शेवाळ मारायची बाटली देतो. आठ दिवस बरं वाटतं आणि मग शेवाळ आधीपेक्षा जोमाने परत येतं. इथेच बरेच जण झाडं उपटून प्लास्टिकची झाडं लावतात. तशी वेळ कोणावर येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड हवेत, मऊ पाण्यावर आणि चोवीस तास विजेवर चालणाऱ्या टाक्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे बोरचं जड पाणी, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आणि केव्हाही जाणारी लाइन. ते सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात टाक्या सांभाळतो. खाली जे सांगतो ते गावात, तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानावर होण्यासारखं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. टाकीत जितका उजेड पडतो तितका झाडांना वापरता आला नाही, तर उरलेला शेवाळ वापरतं. कपाशीच्या ओळी दाटल्या की खालचं तण दबतं, पीक विरळ राहिलं की तण उठतं, टाकीतही तसंच. म्हणून शेवाळ मारण्याच्या आधी दोन कामं करायची: उजेड कमी करायचा आणि झाडांना ताकद द्यायची. औषधाचा नंबर त्यानंतर.

लागणारं सामान

- लाइटसाठी टायमर. डिजिटल, आत बॅटरी असलेलाच घ्या. कारण पुढे सांगतो.
- दाढीचं ब्लेड किंवा जुनं एटीएम कार्ड (काच खरवडायला), दोन जुने टूथब्रश, छोटी कात्री.
- सायफनसाठी पाच-सहा फूट प्लास्टिकची पारदर्शक नळी आणि टाकीसाठीच वेगळी ठेवलेली बादली. धुण्याच्या साबणाची बादली चालणार नाही.
- सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज.
- पाण्यात बुडणारा थर्मामीटर.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप. हा पर्यायी समजू नका.
- क्लोरीन काढणारं औषध (सोडियम थायोसल्फेट), फिश टँकच्या दुकानात मिळतं.
- एक वही. तारीख, लाइट किती तास, पाणी किती बदललं, काय टाकलं, एवढं लिहा.

## १. कोणतं शेवाळ आहे ते आधी ओळखा

सगळं शेवाळ एक नसतं. उपायही एक नसतो.

तपकिरी भुकटी. काचेवर, वाळूवर, पानांवर तपकिरी थर, बोट फिरवलं की लगेच निघतो. हे डायटम. नव्या टाकीत हमखास येतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. पुसत राहा. यासाठी पैसे खर्च करू नका.

काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके. बोटाने निघत नाहीत, ब्लेड लागतं. लाइट जास्त आणि फॉस्फेट कमी असल्याची ही खूण. अनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडांच्या जुन्या पानांवरही येतात.

हिरवे धागे. मॉसमध्ये, झाडांच्या शेंड्यांत गुंतलेले लांब केस. लाइट जास्त आणि झाडं उपाशी.

हिरवं पाणी. काच स्वच्छ, पण पाणीच मटकीच्या पाण्यासारखं हिरवट. हे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ आहे. टाकीवर ऊन पडत असेल किंवा नव्या टाकीत अमोनिया झाला असेल तर येतं. याच्यावर पाणी बदलून फारसं काही होत नाही. अंधाराचा उपाय लागतो, तो पायरी ८ मध्ये आहे.

निळसर हिरवी साय. वाळूवर आणि पानांवर बुळबुळीत चादर. ओढली की अखंड निघते आणि वास येतो, डबक्यासारखा. हे खरं म्हणजे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. पाणी जिथे हलत नाही, तळात घाण साचली आहे किंवा नायट्रेट अगदी संपलं आहे, तिथे हे येतं.

काळी दाढी. सगळ्यांत चिवट हेच. पानांच्या कडेवर, लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी अर्धा सेंटिमीटरचे काळे-राखाडी झुपके. ओढून निघत नाहीत, पान फाटतं पण झुपका हलत नाही. खात्री करायची असेल तर झुपक्यासकट पानाचा तुकडा कापा आणि वाटीत मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. हिरवा रंग उतरतो आणि थोड्या वेळाने झुपका लालसर दिसू लागतो. हे मुळात लाल शेवाळाच्या कुळातलं आहे, वरून काळं दिसतं इतकंच. साचलेला कचरा, कमी-जास्त होणारा कार्बन डायऑक्साइड आणि म्हातारी, कमकुवत पानं यांच्यावर ते बसतं.

टाकीत दोन-तीन प्रकार एकत्र असतील तर जे सगळ्यांत जास्त आहे त्याच्यापासून सुरुवात करा.

## २. पाणी तपासून घ्या, आणि ते गावातच होतं

शहरातले लोक टेस्ट किटवर खर्च करतात. आपल्याकडे जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासणीची फील्ड टेस्ट किट दिलेली आहे आणि ती वापरायचं प्रशिक्षण गावातल्याच महिलांना दिलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा त्या ताईंकडे बाटलीभर पाणी घेऊन जा. पीएच, कठीणपणा, नायट्रेट आणि उरलेलं क्लोरीन या चार गोष्टी विचारा. दोन बाटल्या न्या: एक बोरच्या पाण्याची, एक टाकीतल्या पाण्याची. फरक कळला पाहिजे.

आकडे असे वाचायचे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकिरडा, गोठा, शोषखड्डा किंवा भरपूर युरिया पडणारं शेत जवळ असेल, तर गावातल्या विहिरी-बोर या मर्यादेच्या आसपास किंवा वर सापडतात. असं पाणी टाकीत घालून वर नायट्रेटचं खत देण्यात अर्थ नाही. कठीणपणा पिण्यासाठी २०० पर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टाकीतल्या झाडांसाठी ३०० च्या खाली असलेला बरा.

पाणी फार जड असेल तर आरओच्या कॅनचं पाणी अर्धं-अर्धं मिसळा. पावसाळ्यात त्याहून चांगली सोय आहे: पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतरचं पाणी ड्रममध्ये धरा. ते मऊ असतं. फक्त घराला लागून कपाशी असेल आणि फवारणी चालू असेल, तर त्या दिवसांतलं छपराचं पाणी टाकीसाठी घेऊ नका.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी बोरच्या पाण्याचा नाद सोडावा. तिथे नळयोजनेचं किंवा आरओचं पाणीच वापरा.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीनकडे लक्ष द्या. पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, ती बरोबरच आहे, पण मासोळ्यांना आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना ती मारक आहे. उघड्या बादलीत एक दिवस पाणी ठेवा किंवा क्लोरीनचं औषध घाला. दोन्ही केलं तर उत्तमच.

## ३. उजेड कमी करा

ही एकच पायरी नीट केली तर अर्ध्याहून जास्त टाक्या सुधारतात. म्हणून इथे थोडं सविस्तर.

लाइट दिवसाला सहा तास, जास्त नाही. पाहुणे आले म्हणून, पोरांना आवडतं म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत लाइट चालू राहतो आणि शेवाळाला तेच हवं असतं. संध्याकाळी टाकी पाहायची असेल तर दुपारी ४ ते रात्री १० लावा.

किती लाइट? गॅस (म्हणजे झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड) न देता, साधी झाडं असलेल्या टाकीला लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरे. २० वॉटच्या एलईडी पट्टीच्या खोक्यावर साधारण २००० ल्युमेन लिहिलेलं असतं, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला एक पट्टी बस्स. दोन लावल्या असतील तर एक काढा.

टायमर डिजिटल का? कारण फिरत्या चकतीचा टायमर लाइन गेली की थांबतो. दोन तास लाइन गेली की तुमचे दुपारचे चार संध्याकाळी सहा होतात. रोज थोडं थोडं करत पंधरवड्यात लाइट मध्यरात्री पेटायला लागतो. दिवसा खिडकीचा उजेड आणि रात्री एलईडी, असा दुहेरी मारा टाकीवर होतो आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता उन्हाबद्दल. टाकीवर थेट ऊन अजिबात पडायला नको. पण हे फक्त उन्हाळ्यात तपासू नका. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात येतच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, भर दुपारी आभाळाच्या निम्म्या उंचीवरच असतो, आणि त्याच खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट खोलीच्या मध्यापर्यंत येतो. उन्हाळ्यात स्वच्छ असलेली टाकी दिवाळीनंतर हिरवी का झाली, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. दुपारी बारा ते तीन टाकीसमोर बसून पाहा. ऊन येत असेल तर टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला जाड कागद चिकटवा किंवा टाकीची जागा बदला.

लाइट कमी केल्यावर दोन आठवडे थांबा. मध्येच दुसरं काही बदलू नका. एकाच वेळी लाइट, खत, पाणी, औषध असं सगळं बदललं की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. वही त्यासाठीच आहे.

## ४. हाताने काढा आणि पाणी बदला

पहिल्या आठवड्यात हे काम दोनदा करा, नंतर आठवड्यातून एकदा.

काच ब्लेडने वरून खाली खरवडा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लागू देऊ नका, टाकी गळायला लागेल. हिरवे धागे टूथब्रशभोवती शेवया गुंडाळतात तसे गुंडाळून ओढा, बरेचसे एकदम निघतात. काळी दाढी बसलेली जुनी पानं सरळ देठापासून कापा. ती पानं पुन्हा चांगली होत नाहीत, त्यांचा मोह सोडा. निळसर साय नळीने ओढून घ्या.

मग सायफन करा. नळी वाळूच्या अगदी वर धरून तळाचा गाळ आणि सुटलेलं शेवाळ ओढा. ३० ते ४० टक्के पाणी काढा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी भरा. उन्हात तापलेल्या छपरावरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट घालू नका, रात्रभर घरात ठेवून सकाळी घाला. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, भाजीच्या वाफ्याला द्या, झाडं खूष राहतात.

फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जीवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि अमोनिया वाढला की शेवाळ पुन्हा भडकतं.

खाण्याचंही इथेच सांगतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. घरी आलेली पोरं मुरमुरे आणि बिस्किटं टाकतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे अडवा.

## ५. आपल्या पाण्यात जगणारी झाडं दाट लावा

विरळ झाडांची टाकी कितीही पुसा, शेवाळ येणारच. वाळूचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी झाकला पाहिजे, आणि त्यात भराभर वाढणारी झाडं जास्त हवीत. कारण तीच पाण्यातलं खत पटकन ओढून घेतात.

बोरच्या जड पाण्यासाठी चांगली झाडं: व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट. ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून स्वतःसाठी कार्बन घेऊ शकतात, म्हणून गॅस न देताही चालतात. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, हीच झाडं मुळात आहेत. तलावातून आणणार असाल तर बादलीत दोन आठवडे वेगळी ठेवा, गोगलगायीची अंडी आणि जळवा तपासा. सावलीसाठी अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन लावा, पण फक्त यांच्यावर भिस्त नको, ती सावकाश वाढतात.

लाल पानांची महागडी झाडं आणि गालिच्यासारखी पसरणारी बारीक झाडं सुरुवातीला घेऊ नका. त्यांना जोरदार लाइट आणि नियमित गॅस लागतो, आणि इतका लाइट लावला की शेवाळ आलंच म्हणून समजा. साखर आणि यीस्टची बाटली जोडून गॅस देण्याची पद्धत सांगतात, तीही आपल्या हवामानात मी सुचवणार नाही. गरमीत बाटली जोरात फसफसते आणि मग मंदावते, गॅस कमी-जास्त होतो आणि काळ्या दाढीला नेमकं तेच आवडतं.

कुरिअरने झाडं मागवायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये तालुक्यापर्यंत पोचेस्तोवर पार्सलची भाजी होते.

वाळू आणि माती. नदीची वाळू धुऊन घ्या आणि मूठभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, पाणी आणखी जड होईल. आपली काळी कापसाची मातीही बऱ्याच ठिकाणी चुनखडीची असते, शिवाय ओली झाली की फुगते आणि सारखं पाणी गढूळ करते. शेतातली माती आणून घालू नका. युरिया आणि फवारणीचे अंश तिच्यात असतात.

## ६. झाडांना खत: कृषी केंद्रातून काय आणायचं, काय नाही

ठिबकवर संत्रा किंवा भाजीपाला घेणाऱ्यांना ही नावं पाठ आहेत. फिश टँकसाठी महागड्या बाटल्यांत जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं विद्राव्य खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक किलोची पुडी तुम्हाला आयुष्यभर पुरेल, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याकडून थोडंसं मागून घ्या. वजनाचा प्रश्न येतो: दहा ग्रॅम मोजायला सराफाकडे जा, ते हसतमुखाने मोजून देतात.

चालणारी खतं (प्रमाण १०० लिटर पाण्यासाठी, आठवड्याला एकदा, पाणी बदलल्यावर):

- ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं ४० मिलिलिटर घाला. पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं.
- ०:५२:३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. १० ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १० मिलिलिटर. साधारण ०.७ मिलिग्रॅम फॉस्फेट. काचेवर घट्ट हिरवे ठिपके येत असतील तर याने फरक पडतो.
- १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. फक्त टाकीतलं नायट्रेट ५ च्या खाली असेल तरच. ५० ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं २० मिलिलिटर. साधारण ६ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं.
- चिलेटेड लोह, १२ टक्के ईडीटीए. १० ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १० मिलिलिटर. फॉस्फेटच्या दिवशी देऊ नका, दोन्ही एकत्र आले की लोह गाळ होऊन बसतं.

पहिल्या महिन्यात ठरलेल्या मात्रेच्या निम्मीच द्या.

अजिबात न चालणारी खतं: युरिया, डीएपी, १९:१९:१९, १२:६१:०. या सगळ्यांत अमोनिया आहे किंवा पाण्यात गेल्यावर होतो. मासोळ्या मरतात आणि मागे हिरवं पाणी राहतं. फवारणीचं मायक्रोन्यूट्रिएंट मिश्रणही नको, त्यात तांबं आणि जस्त असतं. कोळंबी आणि गोगलगायी त्याने मरतात. पुडीवर '१९' दिसलं की बाजूला ठेवा, दुकानदार कितीही म्हणाला "भाऊ, झाडाला खत ते खतच".

## ७. लाइन आणि उन्हाळा

गावठाण फीडरवर शेतीपंपापेक्षा लाइन बरी असते, तरी वादळ-वाऱ्यात तास-तास जाते. फिल्टर बंद पडला की आतल्या जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. बंद डब्याचा फिल्टर चार-पाच तास थांबला असेल तर लाइन आल्यावर लगेच चालू करू नका. आधी उघडून आतलं पाणी फेका, स्पंज टाकीच्या पाण्यात हलका पिळा, मग लावा. नाहीतर आतलं सडकं पाणी थेट टाकीत जातं. गावासाठी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर जास्त भरवशाचा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवा जोडा, लाइट नको.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. मासोळ्या वर येऊन तोंड उघडायला लागतात ते यामुळे. ३० च्या वर गेलं की बरीच झाडं ढेपाळतात, मेलेली पानं सडतात आणि त्यांच्यावर काळी दाढी वाढते. म्हणून उन्हाळ्याचं शेवाळ औषधाने जात नाही, पाणी थंड करूनच जातं.

टाकी कूलरच्या खोलीत ठेवा. झाकण थोडं उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि तापमान काही अंशांनी खाली येतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा. बोरचं पाणी भरत राहिलं तर क्षार मागे राहतात आणि टाकी आठवड्यागणिक जड होते. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात हा उपाय तितका चालत नाही, तेव्हा हवा वाढवा आणि खाणं कमी करा. एप्रिल ते जून लाइट पाच तासांवर आणा.

## ८. हे सगळं करूनही उरलं तर: पेरॉक्साइड आणि अंधार

चार आठवडे वरच्या पायऱ्या पाळल्यावरच इकडे या.

हायड्रोजन पेरॉक्साइड, काळ्या दाढीसाठी आणि धाग्यांसाठी. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुतेक ६ टक्क्यांची असते, लेबल वाचा. तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून ३ टक्के करा. बॅटरीत घालायचं शुद्ध डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण अ‍ॅसिडची बाटली उचलून आणू नका. या ३ टक्क्यांच्या मिश्रणाचं प्रमाण १०० लिटरच्या टाकीला दिवसाला ५० मिलिलिटरच्या वर जायचं नाही. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, सिरिंज पाण्यात बुडवून झुपक्याच्या अगदी जवळ सावकाश सोडा. झुपक्यावर बारीक बुडबुडे चढताना दिसतात. दहा मिनिटांनी फिल्टर आणि हवा चालू करा. तीन-चार दिवसांत झुपके गुलाबी होतात, मग पांढरे, आणि नंतर गळतात. मॉस आणि व्हॅलिस्नेरियाला हे सोसत नाही, त्यांच्यापासून लांब वापरा. हातमोजे घाला.

अंधार, हिरव्या पाण्यासाठी आणि निळसर सायीसाठी. आधी हाताने जितकं निघेल तितकं काढा, निम्मं पाणी बदला, टाकी जाड गोधडीने चारी बाजूंनी झाका. तीन ते चार दिवस लाइट नाही, खाणं नाही, डोकावणं नाही. हवा मात्र अखंड चालू राहिली पाहिजे, कारण अंधारात झाडंही ऑक्सिजन खातात आणि मरणारं शेवाळही. नंतर पुन्हा निम्मं पाणी बदला. एप्रिल ते जून हा उपाय करू नका: गोधडीखाली टाकी तापते, आणि अशात लाइन गेली तर सकाळी मासोळ्या तरंगताना दिसतात.

## ९. शेवाळ खाणारे जीव

दुकानदार सर्वांत आधी सकर मासा देतो. घेऊ नका. लहानपणी काच चाटतो, पण तो फूटभर होतो, झाडं उपटतो आणि शेवाळ कमी करण्याऐवजी विष्ठेने वाढवतो. कंटाळून कोणी तो नाल्यात किंवा तलावात सोडतात, ते तर त्याहून वाईट. हा परदेशी मासा आपल्या नद्या-तलावांतल्या देशी माशांना जगू देत नाही.

काळी दाढी खाणारा मासा हवा असेल तर सयामी अल्गी ईटर. त्याच्या नावाखाली दुसरेच मासे विकले जातात. खऱ्याची काळी पट्टी डोळ्यापासून थेट शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते. पट्टी शेपटीच्या आधीच संपली किंवा तोंड काचेला चिकटत असेल तर तो तो नव्हे. मोठा होतो, म्हणून तीन फुटांपेक्षा लहान टाकीत नको.

लहान टाकीला रॅमशॉर्न गोगलगायी आणि गप्पी पुरेसे. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी गावातल्या डबक्यांत गप्पी सोडतो, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर चार-सहा गप्पी मिळतातही. मऊ शेवाळ ते टोचून खातात.

## १०. टाकीत काय जाऊ द्यायचं नाही

मोरचूद. शेततळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून टाकीतही चिमूटभर टाकण्याचा सल्ला गावात सहज मिळतो. तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी लगेच मरतात, मासोळ्यांचे कल्ले जळतात आणि वाळूत बसलेलं तांबं महिनोन्महिने जात नाही. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण केलेली बादली टाकीसाठी कधीही वापरू नका.

फवारणीचा हात. कपाशी किंवा सोयाबीनवर फवारणी केलेल्या दिवशी, कितीही साबण लावला तरी, टाकीत हात घालू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा. डासांचा स्प्रे मारताना टाकीवर ओला कपडा झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा. तो खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो.

तुरटी आणि ब्लीचिंग पावडर. पाणी निवळतं, पण तुरटीने पीएच घसरतो आणि ब्लीचिंग तर सरळ विष आहे.

काढलेलं शेवाळ आणि छाटलेली झाडं ओढ्यात फेकू नका. उन्हात वाळवून शेणखताच्या खड्ड्यात टाका.

## ११. लाइट परत वाढवताना

नवी पानं स्वच्छ यायला लागली की तीच खरी खूण. जुन्या पानांकडे पाहून ठरवू नका. यासाठी सहा ते आठ आठवडे लागू शकतात. त्यानंतर लाइट अर्ध्या तासाने वाढवा आणि दोन आठवडे समोरची काच पाहा. थर आठवड्यात एकदा पुसण्याइतकाच येत असेल तर तिथेच राहू द्या. दोन-तीन दिवसांतच काच हिरवी झाली तर अर्धा तास परत कमी करा. बहुतेक टाक्या सात तासांच्या आत स्थिरावतात, आठच्या वर जायची गरज झाडांनाही नसते.